बाटलीतला डोळा

खारदांड्यात एके काळी अशी कुजबूज होती, की सोनूबाईच्या रत्नप्रभानं आपल्या सख्ख्या आईचा डोळा काढला आणि बाटलीत घालून ठेवला.

कुजबूज म्हटलं खरं, पण दांड्यातली कुजबूज बाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते. समुद्राच्या वाऱ्यावर एका होडीतून दुसऱ्या होडीत बोलायची सवय झालेली माणसं ही. इथं एका बाईनं दुसरीच्या कानाला तोंड लावलं की पलीकडच्या गल्लीतलं तान्हं पोर दचकून उठतं. ही बातमी बाजारात आणली सोनूबाईच्या शेजारच्या चंपानं. सकाळी तिच्या पाटीजवळ डोळा एकच होता. दुपारी त्याचे दोन झाले. वेसाव्याला पोचेपर्यंत तो बाटलीतल्या बाटलीत पापणी मिटायला लागला होता.

ही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी सालातली हकिगत. डोळ्याचं शेवटी सांगतो. आधी रत्नप्रभा.

ती सोनूबाईची थोरली. बाप दर्यावर गेला तो परत आला नाही, तेव्हा ही शाळेत होती. धाकटा लहू मिसरूड फुटायच्या आत होडीवर चढला, आई पाटी घेऊन बाजारात बसली, आणि घरी मासे साफ करायचं काम रत्नप्रभाकडे आलं. आता मासे साफ करायला बसलेली मुलगी मासे साफ करते. ही करायची ते वेगळंच. माशाच्या डोळ्यात एक काचेच्या गोटीसारखं भिंग असतं. ते ही अलगद काढायची, धुवायची आणि वर्तमानपत्रावर ठेवायची. त्या गोटीतून खालचं अक्षर टपोरं दिसे. सोनूबाई बाजारातून यावी तर माशांवर मांजर, आणि मुलगी माशाच्या डोळ्यातून सिनेमाच्या जाहिराती वाचतेय. मार खाल्ला भरपूर. पण गोटी सुटली नाही. पार्ल्याच्या कॉलेजात गेली, तिथून पुढे शिकत राहिली, नावापुढं डॉक्टर लागलं. तेव्हा दांड्यातले चार जण खोकला दाखवायला आले. तिनं सांगितलं, “मी त्यातली नाही.” मग लोक म्हणाले, एवढं शिकून खोकला कळत नाही म्हणजे कमाल झाली.

नोकरी लागली अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत. नाव सांगत नाही, तिथली दोन माणसं अजून माझ्याशी बोलतात. तिथं ती पेशी कशा म्हाताऱ्या होतात ते शोधायची. कोणी म्हणे म्हाताऱ्याचं जवान करायचं औषध करते. तेव्हा दांड्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या तिच्याशी एकदम गोड बोलायला लागल्या होत्या.

चंपानंच एकदा तिला ओट्यावर गाठलं. “काय गो रत्ना, नक्की करतंस काय तू तिकडं? तुजी आय सांगते, पोरगी घड्या बघते. लाँड्रीत हायस काय?”

रत्नप्रभानं दोरीवरचं आईचं लुगडं ओढलं आणि त्याची दोन टोकं धरून उभी राहिली. “मावशी, हे काय?”

“लुगडं.”

“नुसतं लांब फडकं आहे. नेसलं की लुगडं. आपल्या अंगात प्रथिनं असतात ना, तीही अशीच. आधी नुसता लांबलचक धागा, मग तो आपला आपण दुमडतो, वळतो, नेसल्यासारखा नीट बसतो. बसला की कामाला लागतो.”

“आन नाय बसला तं?”

“भर बाजारात तुझा कासोटा सुटला तर काय होईल?”

“माजा नाय सुटत. तुज्या आयेचा बोल.”

“बरं, आईचा सुटला. त्याचा सोगा तुझ्या पायात अडकला, तू पडलीस ती पलीकडच्या बाईवर, ती आणखी कोणावर. झाला ढीग. कोणाला उठता येत नाही. म्हातारपणी अंगात असे ढीग साचतात. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातल्या भिंगात साचलेला तसला ढीग. असं मला वाटतं. ते दाखवून द्यायचंय.”

चंपा उठली ती थेट नाक्यावर गेली. संध्याकाळी दांडाभर झालं, की म्हातारपणी डोळ्यात लुगडी अडकतात.

पण त्या बोलण्यातला ‘दाखवून द्यायचंय’ हा शब्द चंपानं वाटेत टाकून दिला, आणि रत्नप्रभाचा सगळा जीव त्यातच होता. संस्थेत तिच्याकडे होतं एक टेबल. खिडकीपाशी, चांगल्या उजेडाचं. विभागाचे प्रमुख श्यामसुंदर सर, माणूस सरळ पण भिडस्त. त्यांच्यामागं दोघा-तिघांनी लकडा लावला होता, की ही बाई माशाचे डोळे काढत बसते, सगळ्या मजल्याला वास येतो, टेबल आम्हाला द्या. सरांनी तिला बोलावून सांगितलं, “रत्नप्रभाबाई, दिल्लीहून समिती येतेय. त्यांना काहीतरी ठोस दाखवा. नाही जमलं, तर टेबल जाईल आणि तुम्हाला रक्ततपासणीकडे पाठवतील. माझ्या हातात फार नाही.”

टेबल गेलं की काम गेलं, हे तिला सांगायची गरज नव्हती.

दाखवण्यासारखं तिच्याकडे होतं. लहूच्या होडीवर कुपा मासा मिळायचा. लहान कुप्याचं भिंग ती काढायची, ते काचेसारखं. थोराड, जुन्या कुप्याचं काढायची, ते मधोमध धुरकट. दोन्ही वेगवेगळी वाटून खाऱ्या पाण्यात कालवली आणि यंत्रात गरगर फिरवली, की लहानाचं पाणी स्वच्छ राही आणि थोराडाच्या तळाशी पांढरा साका बसे. तो साका म्हणजे ढीग. पुन्हा पुन्हा केलं, पुन्हा पुन्हा तेच. समितीसमोर हेच करायचं ठरलं.

रोज मासा यायचा तो ओल्या गोणपाटात गुंडाळून. किनाऱ्यावर होडी लागली की लहू गोणपाट आणून द्यायचा, ही ते मांडीवर घेऊन बसनं अंधेरीला जायची. तिच्या शेजारची जागा कायम रिकामी असे. पण समितीच्या दिवशी लहूला वाटलं, आज बहिणीचा मान आहे. दिल्लीचे साहेब आपला मासा बघणार. लहूच्या घरची रीत अशी, की माशाचं डोकं पाहुण्याच्या ताटात जायचं आणि मानाच्या माशाला गोणपाट लावायचं नाही. त्यानं नवीकोरी पेटी घेतली, बर्फ फोडून बारीक केला, कुपे त्यात उभे रोवले आणि डोकी सगळीकडून बर्फात चेपून बसवली. नवरी सजवावी तशी पेटी सजवून स्वतः रिक्षातून संस्थेच्या दारात नेऊन दिली. “बाय, आज एकदम झकास आणलाय.”

रत्नप्रभाला वेळ कुठला होता बघायला. साहेब आले, गोल करून उभे राहिले. तिनं थोराड कुप्याचं भिंग काढलं. पांढरं. “हे जुनं,” ती म्हणाली. मग लहानाचं काढलं. तेही पांढरं. दुसरा लहान घेतला. पांढरा. तिसरा घेतला, तोही उकडलेल्या माशाच्या डोळ्यासारखा ठार पांढरा.

साहेबांपैकी एक जण चष्मा सावरून म्हणाले, “बाई, यांच्यातला म्हातारा कोणता?”

टेबलावर डोळा असलेले दोघे-तिघे मागं उभे होते ते हसले. श्यामसुंदर सरांनी घड्याळात बघून जेवणाची वेळ झाल्याचं जाहीर केलं. सगळे खाली कँटीनला गेले. रत्नप्रभा एकटी राहिली. समोर खिडकीतल्या उन्हात काचेच्या बशीत चार भिंगं, आणि पुढं रक्ततपासणीचा विभाग.

ती रडली की नाही याबद्दल दोन मतं आहेत. ती सांगते, नाही. झाडूवाल्या सगुणानं तिला पदर डोळ्याला लावताना पाहिलं. मी सगुणाचं धरतो. पण पदर खाली आला तेव्हा बशीतलं एक भिंग कडेनं निवळायला लागलं होतं.

तिनं बशी डोळ्यांजवळ धरली. पांढरेपणा आत आत सरकत होता, एखाद्या खिडकीवरचं धुकं जावं तसा. थोड्या वेळात लहान कुप्यांची तिन्ही भिंगं लखलखीत झाली. थोराडाचं कडेनं निवळलं, मध्यावर येऊन थांबलं. तिनं बशीला हात लावला. ऊन लागून काच कोमट झाली होती. मग तिनं लहूची पेटी उघडली, बर्फात हात घातला आणि मोठ्यानं हसली. सगुणा दारातूनच परत गेली.

बशी घेऊन ती जिन्यावरून धावत खाली आली. साहेब जेवत होते. तिनं शेजारच्या टेबलावरचं वर्तमानपत्र ओढलं, ताटाला लागून पसरलं आणि त्यावर एक भिंग ठेवलं. “सर, वाचा.”

“काय वाचू?” चष्मेवाले साहेब घास हातात धरून म्हणाले.

“काय दिसतं ते.”

“मोठं दिसतंय. ‘गोरेगाव येथे’... अहो, मघाशी हे पांढरं होतं ना?”

“गारठलं होतं. माझ्या भावानं प्रेमानं बर्फात घातलं. थंडीनं प्रथिनं एकमेकांना नुसती चिकटली, घडी मोडली नव्हती. ऊब मिळाली, सुटी झाली. आता हे बघा.” तिनं थोराडाचं भिंग ठेवलं. मधोमध अक्षर गायब. “हे उन्हात त्यांच्याच शेजारी होतं. हे सुटत नाही. इथली घडीच चुकलीय. सर, पांढरेपण दोन प्रकारचं असतं, हे मला आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं.”

तिचा आवाज एवढा चढला होता की आचारी बाहेर आला. साहेबांनी घास ताटात ठेवला, आणि जेवताना कोळिणीच्या पोरीनं ताटाशेजारी माशाचे डोळे मांडले हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. बराच वेळ ते भिंग फिरवून बघत बसले. मग म्हणाले, “छान आहे. पण हा मासा. माणसाच्या भिंगात असंच होतं, हे दाखवा. आम्ही पुन्हा येऊ. तोपर्यंत टेबल राहू द्या.”

तोपर्यंत. म्हणजे तलवार खाली ठेवली नाही, फक्त हात बदलला.

आता माणसाचं म्हातारं भिंग आणायचं कुठून? त्या काळी मोतीबिंदूच्या ऑपरेशनात अख्खं भिंग बाहेर काढत. पण इस्पितळं ते टाकून देत, नाहीतर औषधात बुडवून ठेवत, आणि त्या औषधानं सगळीच प्रथिनं कडक होऊन बसत. हिला हवं होतं ताजं, कोमट. एक डॉक्टर भले निघाले. म्हणाले, पेशंट हो म्हणाला तर घेऊन जा. पेशंट हो म्हणेनात. मालाडचे एक आजोबा म्हणाले, डोळ्यातलं देईन, पण परत कधी मिळेल? दहिसरच्या एका आजीबाईंनी तर तिला बघून डोळाच मिटून घेतला.

सगळ्यात जवळचं भिंग घरातच होतं. सोनूबाईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. उजवीकडे गिऱ्हाईक उभं आहे की पाटीची सावली, हे ती आवाजावरून ठरवायची. डॉक्टरांनी कधीचं ऑपरेशन सांगितलं होतं. सोनूबाई तयार नव्हती, आणि भीती सुरीची नव्हती. ऑपरेशननंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून उताणं पडून राहावं लागे. हलायचं नाही, हसायचं नाही, ओरडायचं नाही. दांड्याच्या बाजारात बसणाऱ्या बाईला ही शिक्षा जन्मठेपेच्या वरची.

रत्नप्रभानं आईपाशी भिंगाचा शब्द काढला नव्हता. हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. काढला लहूनं, जेवताना. बर्फाचं त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. “आये, बायचं टेबल जाईल. तिला म्हातारा डोला पायजे. तुज्यात हाय.”

“लहू, गप्प बस,” रत्नप्रभा म्हणाली.

सोनूबाईनं भात कालवता कालवता विचारलं, “डोला पायजे का डोल्यातला काय?”

“डोळा नको गं. आतलं भिंग. खराब झालेलं. तुला त्याचा उपयोग नाही.”

“माजा माल खराब हाय हे तू नको सांगू. गिऱ्हाईक असं बोललं की मी भाव वाढवते.” मग पुन्हा भात कालवत, “त्यात काय बघशील?”

रत्नप्रभा सरसावून बसली. या विषयावर कोणी विचारलं की तिला ताटाचं भान राहत नसे. “आई, अंगातलं बाकी सगळं मोडतं आणि नवं होतं. कातडी, रक्त, सगळं. पण भिंगाचा अगदी मधला भाग आपण पोटात असताना तयार होतो तो बदलत नाही. तुझ्या डोळ्याच्या मध्यात आत्ता जे आहे ते आजीच्या पोटात असतानाचं आहे. इतकी वर्षं एकदाच घातलेली घडी. ती कशी चुकत गेली ते त्यात दिसेल.”

सोनूबाईचा हात थांबला. “माज्या आयेच्या पोटातलं?”

“हो.”

“आन मी ते रोज बाजारात नेतंय.” तिनं ताट बाजूला सारलं. सोनूबाईनं भात टाकला म्हणून लहू घाबरला. मग ती म्हणाली, “घे. पन एक हाय. त्या सायबांना सांगायचं, ही सोनूबाय. मासं विकते. फुकट नाव नाय लपवायचं.”

“सांगते.”

“आन त्या वाळूच्या पिशव्या ठेवतील तवा चंपीला भेटायला नाय पाठवायचं. मना हसू येईल.”

ऑपरेशनच्या दिवशी रत्नप्रभा थर्मास घेऊन बाहेर बसली. त्यात कोमट खारं पाणी. लहूला तिनं सांगितलं होतं, तू नुसता रिक्षा घेऊन ये. तो रिक्षा घेऊन आला आणि सोबत बादली. बादलीत बर्फ.

“लहू, हे काय?”

“रस्त्यात ऊन हाय, बाय. खराब झालं तं?”

तिनं ती बादली इस्पितळाच्या पायरीवर उपडी केली. नर्स आली, दार थोडं उघडलं, छोटी कुपी पुढं केली. आत मधाच्या रंगाचं, मधोमध दुधाळ, मसुराच्या मोठ्या दाण्यासारखं काहीतरी. रत्नप्रभानं ते थर्मासात सोडलं, झाकण लावलं आणि रिक्षात थर्मास पोटाशी धरून बसली. लहू रिक्षावाल्याला सांगत होता, “खड्डा चुकव रे, आय हाय आत.” रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं, थर्मास पाहिला आणि अंधेरीपर्यंत रिक्षा बैलगाडीच्या चालीनं नेली. हा सगळा देखावा चंपानं पायरीवर उभं राहून पाहिला. तिला यायला बंदी होती, म्हणूनच ती आली होती.

प्रयोगशाळेत श्यामसुंदर सर स्वतः टेबलापाशी थांबले होते. भिंग कोमट पाण्यात ठेवलं. सगळे बघत राहिले. निवळलं नाही, म्हणजे हे गारठल्याचं पांढरेपण नव्हतं. तिनं त्याचे दोन भाग केले. एक खाऱ्या पाण्यात वाटून फिरवला, तळाशी साका बसला. हा झाला माशासारखाच ढीग. आता खरी गंमत दुसऱ्या भागाची. तोही तसाच फिरवला आणि त्याच्या साक्यावर तिनं युरियाचं कडक पाणी ओतलं. तोच युरिया, शेतात टाकतात तो, फक्त शुद्ध केलेला. तो प्रथिनांच्या घड्या उलगडतो, धागा पुन्हा सरळ करतो. तिनं नळी उजेडापुढं धरून हळूहळू हलवली. साका विरायला लागला. सगळा नाही, पण बराचसा गेला आणि पाणी पारदर्शक झालं.

“सर,” ती म्हणाली, आणि नळी आणखी वर उजेडात धरली.

“बोला की.”

“काहीच बिघडलेलं नव्हतं सर. म्हणजे बिघडलं होतं, पण माल तोच होता. धागा तोच. चुकीचा नेसलेला.” ती नळी घेऊन गरकन वळली, टेबलाचा कोपरा लागला, लागल्याचं कळलं नाही. सरांनीही नळी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, परत आणली, परत नेली. त्या मजल्यावर सरांना घाई करताना कोणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी टेबल मागणाऱ्यांनाही हाक मारून बोलावलं आणि नळी दाखवली.

समिती पुन्हा आली. रत्नप्रभानं नळ्या मांडल्या, सगळं सांगितलं. चष्मेवाल्या साहेबांनी विचारलं, “हा नमुना कुठल्या इस्पितळातला?”

“हा सोनूबाईचा. खारदांडा. मासे विकतात. माझी आई.”

साहेब थोडे चपापले. मग त्यांनी नळी स्टँडवर जपून ठेवली. “बाई, टेबल तुमचं. आणि शेजारचंही घ्या.”

सोनूबाईला बाटलीच्या बुडासारख्या काचांचा चष्मा लागला. पहिल्या दिवशी बाजारात बसली तेव्हा तिनं चंपाकडे नीट पाहिलं. “चंपे, तू एवढी म्हातारी कवा झालीस गो?” चंपा आठवडाभर बोलली नाही. बोलली तेव्हा डोळा बाटलीत गेलेला होता.

आता त्या डोळ्याचं. डोळा काढला नव्हता. ऑपरेशनात उजव्या डोळ्यातलं मोतीबिंदू झालेलं भिंग निघालं. ते सोनूबाईनं स्वतः मुलीला दिलं. तपासणीत ते संपलं. बाटलीत काही ठेवलेलं नाही.